‘पेनी लेन’च्या बाजूने

फेब्रुवारी १९६७ मध्ये बीटल्स या ब्रिटिश बँडची एक तबकडी बाजारात आली. तिच्या एका बाजूला जॉन लेननने रचलेले ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ होते आणि दुसऱ्या बाजूला पॉल मॅकार्टनीने रचलेले ‘पेनी लेन’. अशा तबकडीवर सहसा एक गाणे मुख्य आणि दुसरे जोडीला घेतलेले असे. येथे मात्र दोन्ही बाजूंना मुख्य गाण्याचा दर्जा देण्यात आला होता. दोहोंपैकी श्रेष्ठ कोणते, याचा निवाडा त्यामुळे श्रोत्यांवरच पडला आणि चाहते तो आजपर्यंत करीत आहेत. गंभीरपणे ऐकणाऱ्यांचा कल बहुधा ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’कडे असतो. मी ‘पेनी लेन’ला श्रेष्ठ मानते, आणि ते केवळ जास्त आवडते म्हणून नव्हे, तर रचना म्हणून ते अधिक खोल आहे असे मला वाटते म्हणून.

या वादात विक्रीचे आकडे पुढे केले जातात, ते आधी बाजूला ठेवते. अमेरिकेत दोन्ही बाजूंची क्रमवारी स्वतंत्रपणे लागत असल्यामुळे ‘पेनी लेन’ मार्च १९६७ मध्ये पहिल्या स्थानी पोहोचले आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ आठव्या स्थानापर्यंत गेले. ब्रिटनमध्ये तर एंगलबर्ट हम्परडिंकच्या ‘रिलीज मी’मुळे ही तबकडी दुसऱ्याच स्थानी अडली. ज्या यादीने या तबकडीला दुसरे ठरवले, तिच्या आधारे या दोन गाण्यांतील सरस-निरस ठरवावे असे मला वाटत नाही.

खरा पेच गाण्यांच्या स्वरूपात आहे. ऑगस्ट १९६६ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को येथील कार्यक्रमानंतर बीटल्सने दौरे थांबवले. त्या शरद ऋतूत लेनन एका चित्रपटातील भूमिकेसाठी स्पेनमधील अल्मेरिया येथे होता आणि तेथेच त्याने ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ लिहिले. लिव्हरपूलच्या वूल्टन भागात, त्याच्या मावशीच्या घराजवळ, सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचे ‘स्ट्रॉबेरी फील्ड’ नावाचे बालगृह होते. त्याच्या आवारातील झाडीत तो लहानपणी खेळत असे. गाण्यात मात्र ती जागा दिसतच नाही. तेथे दिसते ते स्वतःविषयी बोलू पाहणारे आणि प्रत्येक वाक्य अर्ध्यावर मागे घेणारे एक मन. आपल्यासारखे दुसरे कोणी असेल का, ही शंका सांगताना निवेदक ठामपणे काही म्हणतो, लगेच स्वतःला दुरुस्त करतो, मग त्या दुरुस्तीवरही संशय घेतो. बोलण्यातील ही अडखळ लेननने चालीत ज्या नेमकेपणाने उतरवली आहे, तिला त्या दशकातील लोकप्रिय संगीतात फारशी जोड नाही, हे मी मनापासून मान्य करते.

या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची हकिगत चाहत्यांना तोंडपाठ असते, आणि ती असावीही. २४ नोव्हेंबर १९६६ रोजी लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत काम सुरू झाले. एक आवृत्ती मंद आणि हळवी झाली. पुढे लेननला काहीतरी अधिक जोरकस हवे होते, म्हणून निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ट्रम्पेट आणि चेलो यांचे लेखन करून दुसरी आवृत्ती उभी केली. अखेरीस लेननला पहिलीची सुरुवात आणि दुसरीचा शेवट हवासा झाला. दोन्हींची पट्टी वेगळी होती आणि लयही. मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी फितींचा वेग बदलून त्या दोन्ही एका पट्टीत आणि एका लयीत आणल्या व एकमेकींना जोडल्या. गाणे सुरू झाल्यावर साधारण एका मिनिटाने हा सांधा येतो. वेग उतरवलेल्या भागात लेननचा आवाज किंचित जड आणि परका होतो, आणि तो परकेपणा गाण्याच्या अर्थाला इतका साजतो, की ती तडजोड होती हे सांगूनही खरे वाटत नाही. जॉर्ज हॅरिसनने वाजवलेले स्वरमंडळ त्यात वरून खाली ओघळत येते, तेव्हा आपल्या मैफलीत गायकाच्या मांडीवर पाहिलेल्या त्या वाद्याचा असाही उपयोग होऊ शकतो याचा मला दर वेळी आनंद होतो.

‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’च्या पाठीराख्यांचा युक्तिवाद बहुधा येथे येऊन थांबतो: इतके धाडस दुसऱ्या बाजूला कुठे आहे? त्यावर काही जण असे उत्तर देतात, की हे श्रेय स्टुडिओचे आहे, गाण्याचे नाही. हे उत्तर मला पटत नाही. ध्वनिमुद्रित झालेले गाणे हीच या कलेतील अंतिम कृती असते. तिच्यातून यंत्राची करामत वजा करून उरलेल्याला ‘खरे गाणे’ म्हणणे अन्यायाचे आहे. शिवाय १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली अगदी सुरुवातीची आवृत्ती ऐकली, की हे गाणे साध्या साजातही किती भक्कम उभे राहते ते कळते. माझा आक्षेप वेगळा आहे. मेलोट्रॉन या, फितीवर मुद्रित केलेले स्वर वाजवणाऱ्या कळफलकाच्या वाद्यावरील बासरीसारखे पहिले स्वर कानी पडताच आपण स्वप्नात शिरत आहोत हे कळून चुकते, आणि त्यानंतर जे जे विचित्र घडते ते अपेक्षितच राहते. उलटे वाजणारे झांजेचे नाद, विरून पुन्हा परतणारा शेवट, हे सारे अद्भुत आहे. पण अद्भुताची परवानगी पहिल्याच क्षणी घेऊन ठेवलेली आहे.

‘पेनी लेन’ अशी परवानगी घेत नाही. २९ डिसेंबर १९६६ रोजी त्याचे ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि वरवर पाहता ते लिव्हरपूलमधील त्याच नावाच्या रस्त्याचे स्वच्छ, उजळ वर्णन आहे. आपण केस कापलेल्या डोक्यांची छायाचित्रे मिरवणारा न्हावी, पावसातही रेनकोट न घालणारा बँकर, राणीचे चित्र खिशात बाळगणारा अग्निशामक जवान, ट्रेमध्ये खसखशीची फुले घेऊन विकणारी परिचारिका, अशी माणसे एकामागून एक येतात. ही कृत्रिम फुले ब्रिटनमध्ये नोव्हेंबरात, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ विकली जातात. पण त्याच गाण्यात उन्हाळ्याचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि बँकरवर पाऊस कोसळत असताना ध्रुवपदात उपनगरावरचे आकाश निळेशार आहे. सारे ऋतू एकाच दुपारी चालले आहेत. त्यातच ती परिचारिका आपण नाटकात काम करीत आहोत असे वाटून घेते, आणि गाणे तिला दुजोरा देते, की ती नाटकातच आहे. इतके मोठे विधान इतक्या निरागस चालीत येते, की शेकडो वेळा गुणगुणूनही ते कित्येकांच्या लक्षात आलेले नसते.

या गाण्याला ‘पॉलची गोड आठवण’ म्हणून हलके लेखणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की पेनी लेनचा परिसर लेननचाही होता. अगदी लहानपणी तो तेथून जवळच न्यूकॅसल रोडवर राहत असे, आणि १९६५ मध्ये ‘इन माय लाइफ’ लिहिताना त्याने सुरुवातीच्या मसुद्यात पेनी लेनचा उल्लेख केला होता. एक गाणे दुखऱ्या मनाचे आणि दुसरे सुखी मनाचे, ही विभागणी दोन माणसांच्या प्रतिमांवरून केलेली आहे; गाणी ऐकून केलेली नाही.

माझ्या मताचा मुख्य आधार मात्र चाल आहे. कडवे बी मेजर या पट्टीत, चालत्या पावलांसारख्या उतरत्या बास गिटारच्या खर्ज स्वरांवर सुरू होते. मध्यावर, काही कळायच्या आत, ते बी मायनरमध्ये जाते; आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज तोच राहतो, पण गंधार कोमल होतो आणि उजळ रस्त्यावर क्षणभर सावली पडते. मग ध्रुवपद येते ते ए मेजरमध्ये, म्हणजे षड्जच एक पूर्ण स्वर खाली उतरतो. ध्रुवपद गाण्याला वर उचलते अशी आपली सवय असते. येथे तेच ध्रुवपद सुराने खाली जाऊनही मनाला वर नेते. पुढच्या कडव्यासाठी चाल पुन्हा बी मेजरमध्ये परतते, आणि ही सारी ये-जा इतकी सहज आहे, की गाताना कोणालाही अडखळायला होत नाही.

ट्रम्पेटबद्दल थोडे सांगायलाच हवे. जानेवारी १९६७ मध्ये मॅकार्टनीने दूरचित्रवाणीवर बाख या जर्मन संगीतकाराची ‘दुसरा ब्रँडेनबर्ग कन्चेर्तो’ ही रचना ऐकली आणि तिच्यातील पिकोलो ट्रम्पेटचा, म्हणजे उंच स्वराच्या लहान ट्रम्पेटचा, आवाज त्याच्या मनात भरला. ते वाजवणारे डेव्हिड मेसन १७ जानेवारीला स्टुडिओत आले; मॅकार्टनी हवे ते स्वर गाऊन दाखवी आणि मार्टिन ते लिहून घेत. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’मधील ट्रम्पेट गाण्याला दाट करतात, तर हा एकच ट्रम्पेट गाण्यात जागा मोकळी करतो, आणि एवढ्या उंच सप्तकात असूनही तो कुठेच मिरवत नाही.

शेवटचे ध्रुवपद येते तेव्हा ते नेहमीच्या ए मेजरमध्ये सुरू होते, पण त्याची पुनरावृत्ती होताना सारे एक स्वर वर चढते, म्हणजे जेथून कडवे सुरू झाले होते त्याच बी मेजरमध्ये पोहोचते. आतापर्यंत रस्त्यावरची माणसे एका पट्टीत होती आणि त्यांची आठवण काढणारा दुसऱ्या पट्टीत. अगदी अखेरीस तो त्यांच्या पट्टीत जाऊन मिळतो. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’मध्ये दोन पट्ट्या फितीचा वेग बदलून जुळवल्या गेल्या, येथे ते काम चालीनेच केले आहे, आणि माझ्या पसंतीचे हेच निर्णायक कारण आहे. अमेरिकेतील रेडिओ केंद्रांना आगाऊ पाठवलेल्या प्रतींमध्ये यानंतर ट्रम्पेटची आणखी एक छोटी तान होती. विक्रीच्या तबकडीतून ती काढण्यात आली. काही चाहत्यांना तिची हळहळ वाटते. मला ती काढली हेच योग्य वाटते, कारण ते शेवटचे ध्रुवपद वर चढल्यानंतर तिला करण्यासारखे काही उरलेले नव्हते.