गळ्यातला साहेब

जुने लग्नाचे अल्बम चाळताना बायका शालू आणि दागिने बघतात, मी नवरदेवाचा टाय बघतो. फोटोखाली तारीख नसली तरी चालते. टाय दोन बोटं रुंद असेल तर साठचं दशक, चांगला चार-पाच बोटं असेल तर सत्तरचं. त्यात पँटची मोहरी दिसली तर पुरावा पक्काच.

खरं तर पुरुषाच्या अंगावर टायइतकी बिनकामाची वस्तू दुसरी नाही. तो थंडी अडवत नाही, त्याला खिसा नाही, आणि पट्ट्यासारखी पँटही तो धरून ठेवत नाही. काम काहीच नाही, म्हणूनच फॅशनने त्याला हवा तसा फुगवला आणि हवा तसा वाळवला.

सुरुवातही रणांगणावरची. युरोपात १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षं लढाई चालली. त्यात फ्रेंचांच्या बाजूने लढणारे क्रोएशियाचे भाडोत्री सैनिक गळ्याला रुमाल बांधायचे. पॅरिसकरांना तो आवडला आणि पुढे चौदाव्या लुईच्या दरबारात त्याला लेस लागली. १६९२ मध्ये स्टीनकर्कच्या लढाईत अचानक हल्ला झाला, तेव्हा अधिकाऱ्यांनी रुमालाला कसाबसा पीळ दिला, टोकं कोटाच्या काजात खुपसली आणि ते धावले, असं सांगतात. मग पॅरिसमधली सुखवस्तू मंडळी आरशासमोर निवांत बसून तीच घाई गळ्याभोवती घालू लागली. बायकासुद्धा!

आजचा लांबुळका टाय मात्र शिंप्याच्या अकलेतून आला. घरात एखादा चांगला टाय असेल तर तो उलटा करून बघा. कापड उभंआडवं नाही, उरेब कापलेलं असतं, ४५ अंशांत. मागची शिवण एकाच सैल धाग्याची, आणि त्या धाग्याचा छोटा फास टोकाशी मोकळा सोडलेला. तो पाहून हात शिवशिवतात, पण कापू नका. गाठ ओढली की कापड त्या धाग्यावर सरकतं आणि सोडली की परत जागेवर येतं. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने १९२० च्या दशकात या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याआधीचे टाय गाठ मारली की पिरगळायचे आणि लवकर विटायचे.

त्यानंतर वाद उरला तो रुंदीचा. दुसरं महायुद्ध संपलं, कापडाची काटकसर सरली आणि अमेरिकेत हाताने चित्रं रंगवलेले ऐसपैस टाय आले. पन्नाशीच्या अखेरीस ते पार रोडावले. साठच्या दशकात लंडनच्या मायकेल फिश या माणसाने ते पुन्हा पसरट केले. किपर टाय हे त्यांचं नाव. किपर म्हणजे उभा चिरून धुरावलेला मासा, वर शिंप्याचं आडनावही फिश! आपल्या मालवणात हा टाय निघाला असता तर लोकांनी त्याला बिनदिक्कत सुका बांगडा म्हटलं असतं.

आपल्याकडे मात्र रुंदीपेक्षा टाय कोणाच्या गळ्यात आहे, हे महत्त्वाचं. लंडनला शिकताना रोज दहा मिनिटं आरशासमोर टाय आणि भांग नीट करण्यात घालवल्याचं गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे. पुढे त्यांनी टायच काय, सदराही सोडला. बाबासाहेबांनी कोट-टाय सोडला नाही. ज्यांनी धड कपडे घातले तरी गावाच्या डोळ्यात खुपायचं, त्यांच्यातला माणूस असा उभा राहिला, याचं मोल शहरी फॅशनच्या फूटपट्टीने मोजता येत नाही. गावोगावच्या पुतळ्यांवर निळा कोट आणि लाल टाय असतो. त्या टायची रुंदी बघायचं कुणाला सुचतही नाही.

बाकीच्यांसाठी टाय म्हणजे साहेब. फोटो स्टुडिओत खुंटीवर एक कोट आणि गाठ मारून ठेवलेला टाय लटकत असे. स्थळासाठी फोटो काढायला आलेला प्रत्येक जण तो चढवायचा आणि पाच मिनिटांपुरता साहेब व्हायचा. खाली पायजमा असला तरी फोटो कमरेपर्यंतच.

आता साहेबाने टाय उतरवून खाली दिला आहे. जपानच्या सरकारने २००५ मध्ये उन्हाळ्यात टाय काढा, एसी २८ अंशांवर ठेवा अशी मोहीम काढली, तर टाय विकणारे कुरकुरले. ब्रिटिश संसदेतही २०१७ पासून खासदारांना टायची सक्ती नाही. आपल्याकडे टाय आहे तो मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात दवाखान्याबाहेर ताटकळणाऱ्या, औषध कंपनीची औषधं डॉक्टरांच्या गळी उतरवायला आलेल्या एमआरच्या गळ्यात, मॉलच्या दारातल्या वॉचमनच्या आणि रबर लावलेल्या टायशी खेळणाऱ्या केजीतल्या पोराच्या. आत डॉक्टर अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. एका परीने बरंच आहे. न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयात दवाखान्यातल्या मंडळींचे ४२ टाय तपासले, तर २० टायवर रोगजंतू निघाले. तुलनेसाठी घेतलेल्या सुरक्षारक्षकांच्या दहा टायपैकी एकावरच. वॉचमनकाका तिथेही डॉक्टरांपेक्षा स्वच्छ!

टायची गाठ किती प्रकारांनी मारता येते याचं गणित केंब्रिजच्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलं, उत्तर आलं ८५. माझ्या भाच्याला कॅम्पस इंटरव्ह्यूच्या सकाळी त्यातली एक जमेना. "मामा, मागचं टोक पुढे येतंय," असा फोन. शेवटी यूट्यूब बघून त्याने कशीबशी बांधली. समोर मुलाखतीला बसलेले साहेब गोल गळ्याच्या टी-शर्टात. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "गरम होत नाही का रे?"