सबवूफर घेण्याआधी छताकडे बघा

बुकशेल्फ, म्हणजे टेबलावर मावणाऱ्या छोट्या स्पीकरच्या जोडीला सबवूफर, म्हणजे फक्त खालचा आवाज (बेस) वाजवणारा स्पीकर, घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आठ इंची की दहा इंची? आमच्याकडच्या गावांत त्याच्याही आधी वर बघावं लागतं. डोक्यावर स्लॅब आहे, टिन आहे की कवेलू (कौलं), यावर अर्धी निवड तिथल्या तिथे होते. इंच, वॉट आणि कंपनी हे सगळं त्यानंतरचं.

आधी सबचं काम नेमकं काय, ते पाहू. चार ते साडेसहा इंची वूफरचा बुकशेल्फ स्पीकर साधारण ५० ते ८० हर्ट्झपर्यंत सरळ वाजतो. त्याखाली बंद पेटीचा स्पीकर दर सप्तकाला सुमारे १२ डेसिबलने उतरतो आणि पोर्ट, म्हणजे पेटीला हवेचं भोक असलेला सुमारे २४ डेसिबलने. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, पियानोची शेवटची पट्टी २७.५ हर्ट्झची. हे सूर बुकशेल्फवर येतात ते वरच्या हार्मोनिकांमुळे, म्हणजे त्याच सुराच्या पटीतल्या वरच्या सुरांमुळे. मूळ सूर जवळजवळ नसतोच. सिनेमाचं संगीत, पखवाज, मोठा ढोल, सिंथेसायझरचा खालचा भाग ऐकणाऱ्याला सबने खरा फरक पडतो. घरात मुख्यतः खंजिरी भजन, जुनी भावगीतं किंवा बातम्या वाजत असतील तर तेच पैसे चांगल्या स्पीकरमध्ये घाला. खंजिरीचा आवाज या पट्ट्याच्या कितीतरी वर आहे, तिथे सबला हातच लागत नाही.

आता छत. वीटसिमेंटच्या भिंती आणि वर स्लॅब असलेली खोली ही बेससाठी बंद डबी असते. आवाज बाहेर जात नाही, भिंतींवर आपटून परत येतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर अर्ध्या तरंगाएवढं भरलं की तो सूर फुगतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला तर १० फुटांना ५७ हर्ट्झ, १२ फुटांना ४७, १६ फुटांना ३५. घरकुलात किंवा नव्या बांधकामात १० बाय १० ची खोली आणि १० फूट उंची सर्रास दिसते. म्हणजे लांबी, रुंदी, उंची तिन्हींचा फुगवटा एकाच ५७ हर्ट्झवर. मग कुठलंही गाणं लावा, बेसचा एकच सूर ‘भुम्म’ करत राहतो आणि लोक सबला दोष देतात. १० बाय १२ किंवा १० बाय १६ ची खोली मिळत असेल तर तीच घ्या. फुगवटे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरले तरी बरंच सुसह्य होतं.

अशा बंद खोलीत सर्वांत खालच्या फुगवट्याच्याही खाली खोली स्वतःच दाब वाढवते. बंद पेटीचा, म्हणजे सील्ड सब हळूहळू उतरतो आणि ही वाढ त्याला वर उचलते. म्हणून स्लॅबच्या १२०० ते १५०० घनफुटांच्या खोलीला आठ किंवा दहा इंची सील्ड सब पुरतो. तिथे बारा इंची पोर्टेड आणला तर खालचा बेस गरजेपेक्षा जास्त चढतो आणि शेजारच्या भिंतीपलीकडचं घर जागं राहतं.

कवेलूच्या घरात याच्या अगदी उलट होतं. कवेलूंच्या फटी, उघडी ओसरी, माळ्याची पोकळी यांतून बेस निघून जातो. खोलीकडून मिळणारी खालची मदत जवळपास शून्य, पण फुगवटेही सौम्य. माझ्या मते कवेलूचं घर हे स्वच्छ बेससाठी स्लॅबपेक्षा चांगलं घर आहे, फक्त तिथे हवा जास्त ढकलावी लागते. ही हवा आठ इंची सबला झेपत नाही. बारा इंची कोनचं (हलणाऱ्या पडद्याचं) क्षेत्रफळ आठ इंचीच्या सव्वादोन पट असतं. शिवाय तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायला कोनला चौपट हालचाल करावी लागते. कवेलूला किमान दहा इंची पोर्टेड, जमल्यास बारा. टिनाच्या घरालाही हेच लागू, पण तिथे खडखडाटाची वेगळी भानगड आहे, ती पुढे सांगतो. जाड मातीच्या भिंतींचं धाब्याचं घर या दोन्हींच्या मधलं: भिंती जड, पण वरचं लाकूड-मातीचं छत बराच बेस पोटात घेतं. दहा इंची सील्ड तिथे छान बसतो.

इंच ठरले की वॉट. खोक्यावरचा पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल ताकदीचा) आकडा वाचूच नका, आरएमएस (सतत देता येणारी ताकद) पाहा. तो दिलेला नसेल तर मागच्या पट्टीवर वीजवापर लिहिलेला असतो. ८० वॉट ओढणारा सब सतत ३०० वॉट देऊ शकत नाही, एवढा हिशेब दुकानात उभ्या उभ्या होतो. आठ-दहा इंचीला ५० ते १५० वॉट आरएमएस घरासाठी भरपूर. उदाहरणादाखल, यामाहाचा एनएस-एसडब्ल्यू०५० हा आठ इंची सब ५० वॉट आरएमएसचा आहे, तर एसव्हीएसचा एसबी-१००० प्रो हा बारा इंची सील्ड सब ३२५ वॉटचा. होम थिएटरच्या सेटमधून सुटा निघालेला सब स्वस्तात मिळतो, पण त्यात बहुधा स्वतःचा ॲम्प नसतो. तो तुमच्या स्टिरिओ ॲम्पला लावून काम भागत नाही.

कोनभोवतीची कड रबराची आहे का, तेही बोटाने दाबून पाहा. फोमची कड आपल्या उन्हाळ्यात काही वर्षांत भुगा होते. ॲम्पची प्लेट मागून आठ-दहा स्क्रूंवर निघते का, हेही बघून ठेवा. बिघाड झाला तर वीस किलोचा डबा नागपूरला सीताबर्डीपर्यंत न्यायचा की फक्त प्लेट पिशवीत घालून, हा फरक त्या स्क्रूंवर असतो.

जोडणी. ॲम्पला सब-आउट (सबसाठीचं वेगळं आउटपुट) असेल तर एक आरसीए वायर पुरते. नसेल तर स्पीकरच्या टोकांवरूनच सिग्नल घेणारा, म्हणजे हाय-लेव्हल इनपुट असलेला सब घ्या. सबचं इनपुट ॲम्पवर भार टाकत नाही, साधी पातळ वायर चालते. इथे एक चूक फार महाग पडते. हातात मावणारे छोटे क्लास-डी ॲम्प बहुतेक ब्रिज पद्धतीचे असतात. त्यांच्या काळ्या टोकालाही सिग्नल असतो, ते अर्थिंगचं (ग्राउंड) टोक नसतं. काही सबमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूची काळी टोकं आतून एकत्र जोडलेली असतात. असा सब अशा ॲम्पला लावला की दोन चॅनल एकमेकांना भिडतात आणि ॲम्प जाऊ शकतो. सबचा प्लग काढून, मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन काळ्या टोकांमध्ये मोजा. शून्याजवळ आकडा आला तर तिथे हाय-लेव्हल जोडू नका, सब-आउट असलेलाच ॲम्प वापरा.

विजेचं प्रकरण शहरातल्या परीक्षणांत सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर. मोटरपंप आणि घरं एकाच डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) असतील तर पंप सुरू झाले की २३० चा व्होल्टेज १८० वर येतो. जुन्या पद्धतीच्या जड ट्रान्सफॉर्मरवाल्या सबची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. १८० वर ती सुमारे ६० टक्के उरते, म्हणजे दोन डेसिबल कमी, आणि मोठ्या ठोक्याला आवाज फाटतो. एसएमपीएसवाला (हलक्या स्विचिंग पॉवर सप्लायचा) सब, ज्याच्या मागे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो हे सहज पचवतो. खरा धोका उलट्या बाजूचा आहे. न्यूट्रल तुटला की घरात ४०० व्होल्टच्या जवळपास येऊ शकतात आणि मग टीव्ही, सब, ॲम्प सगळं एका झटक्यात जातं. म्हणून स्टॅबिलायझर घेताना त्यात हाय-कट (व्होल्टेज फार चढला की वीज तोडणारी सोय) आहे का, ते आधी विचारा. दहा इंची सब आणि छोट्या ॲम्पला ५०० व्हीएचा पुरेसा होतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि ती गुणगुण कोनमधून बाहेर येते.

सब लावल्याबरोबर सतत ‘हूं’ ऐकू येत असेल तर अर्थची पिन कापून टाकायचा सल्ला गावोगावी दिला जातो. तो ऐकू नका, त्यात जीव जातो. आधी डिशची केबल काढून पाहा. बऱ्याचदा गुणगुण तिच्यातून येते. मग ॲम्प आणि सब एकाच बोर्डाच्या सॉकेटवर घ्या. तरीही राहिली तर घराचं अर्थिंग तपासा. काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि पाइपभोवतीची ओल संपली की अर्थिंग नावापुरतं उरतं. कोळसा-मीठ भरलेल्या त्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घालत राहावं. हे सबसाठी नाही, घरातल्या माणसांसाठी.

जागा शोधायची पद्धत विचित्र दिसते पण चुकत नाही. तुम्ही ज्या दिवाणावर किंवा बाजेवर बसून ऐकता, तिथे सब ठेवा. बेसचे सूर चढत-उतरत जातील असं गाणं लावा आणि भिंतीकडेने जमिनीलगत कान नेत फिरा. जिथे प्रत्येक सूर सारखा आणि वेगळा ऐकू येतो, तीच सबची जागा. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा येतो, पण फुगवटेही तिथेच सगळे जागे होतात. कवेलूच्या घरात कोपरा चालतो, स्लॅबच्या घरात शक्यतो टाळा. बसण्याची जागा खोलीच्या बरोबर मधोमध नको, तिथे पहिल्या फुगवट्याचा सूर जवळजवळ गायब होतो. मागच्या भिंतीला टेकूनही नको, तिथे तोच सूर दुप्पट. लांबीच्या एक तृतीयांशावर बसून पाहा.

सेटिंगचा क्रम असा. स्पीकर पूर्ण वाजत असतील, म्हणजे ॲम्प त्यांच्यातला बेस कापत नसेल, तर सबचा क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या सुराखाली सब वाजतो ती सीमा, ५५ ते ६५ हर्ट्झवर ठेवा. एव्ही रिसिव्हर (होम थिएटरचा ॲम्प) असेल तर रिसिव्हरमध्ये ८० लावा आणि सबवरचं बटण शेवटपर्यंत उघडा, नाहीतर दोनदा कापलं जातं. चार इंची स्पीकर असतील तर ९०-१०० पर्यंत जावं लागतं, पण मग आवाज कुठून येतो ते कानाला कळू लागतं; अशा वेळी सब दोन स्पीकरांच्या मधल्या पट्ट्यातच ठेवा. फेजसाठी, म्हणजे सब आणि स्पीकरचे कोन एकाच वेळी पुढेमागे व्हावेत यासाठी, मोबाईलवर टोन जनरेटर घ्या, क्रॉसओव्हरएवढाच सूर लावा आणि शून्य व १८० असं बदलून पाहा. बसल्या जागी ज्यात आवाज मोठा, ते बरोबर. गेन, म्हणजे सबचा आवाज, शेवटी: शून्यापासून हळूहळू वाढवा, सब वेगळा ओळखू येऊ लागला की थोडा मागे घ्या. लग्नातल्या डीजेचा बेस कानात बसलेला असतो, त्यामुळे पहिले आठ दिवस हे सेटिंग कमी वाटेल. आठ दिवस थांबा. रात्री हळू आवाजात सब आपोआप बंद पडत असेल तर मागचं बटण ऑटोवरून ऑनवर घ्या.

आता टिनाची खडखड. सूर ३० पासून १०० पर्यंत हळूहळू चढवत न्या. कुठल्या आकड्यावर काय वाजतं ते लिहून ठेवा. पत्र्यांचा एकमेकांवर चढलेला जोड सर्वांत आधी वाजतो, मग सैल झालेले जे-हुक, मग मांडणीवरची भांडी आणि लोखंडी आलमारीचं दार. हुकांचे डांबरी वायसर उन्हाने कडक झाले असतील तर नवे टाका आणि नट आवळा. जोडात जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या सरकवल्या तर बरीचशी खडखड थांबते. आलमारीच्या दाराला आतून रबराचा तुकडा चिकटवा. भिंतीला कापसाची गादी लावल्याने मात्र बेस आवरत नाही. ५० हर्ट्झचा पाव तरंग पावणेदोन मीटरचा असतो, चार इंची गादी त्याच्यापुढे काहीच नाही. वरचे सूर तेवढे मऊ होतात.

दिवाळीच्या सुमारास वेचलेला कापूस बैठकीतच रचला जातो. चार फूट जाडीचा तो ढीग खालचा आवाजही थोडाफार खातो, त्यामुळे तेवढे दिवस खोली बदलल्यासारखी वाटते. पण ढिगाजवळ सब ठेवायचाच नाही. ॲम्प तापतो, सॉकेटमध्ये ठिणगी उडते आणि उडणारी रुई प्लेटच्या फटीत बसते. ढीग असेपर्यंत सब दुसऱ्या खोलीत न्या किंवा प्लग काढून ठेवा.

मे महिन्यात खोलीच ४० च्या पुढे असते, तेव्हा मागच्या प्लेटला भिंतीपासून सहा इंच जागा सोडा. कूलरच्या झोतासमोर सब नको, एमडीएफचं लाकूड ओलीने फुगतं आणि एकदा फुगलं की बसत नाही. सारवलेल्या जमिनीवर ठेवायचा तर खाली शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्यावर रबराचे पाय. पोर्टच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी आतून लावा, नाहीतर उंदीर आत घर करतात आणि वायर कुरतडतात. जाळी घट्ट ताणलेली हवी, सैल असेल तर तीच फडफडते. मृगाची वीज कडाडायला लागली की फक्त बटण बंद करून भागत नाही. सबचा प्लग, ॲम्पचा प्लग आणि डिशची केबल तिन्ही उपटून ठेवा.