तुम्ही विचारलंत म्हणून: ड्यूक, ब्लॉक आणि साठ हजार

भिशीत विचारता, लोकलमध्ये विचारता, भाची तर पुस्तकाचं कव्हर बघूनच डोळे फिरवते. "मावशी, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालीस आणि अजून हे ड्यूक-लॉर्ड वाचतेस?" हे म्हणजे जुन्या इंग्लंडातल्या उमरावांच्या प्रेमकथा, इंग्रजी कादंबऱ्या. कव्हरवर उघड्या छातीचा बाप्या आणि मागे घोडा असतो, त्याला माझा इलाज नाही. पूर्वी मी वर्तमानपत्राचं कव्हर घालायचे. आता फोनवर वाचते, तरी खांद्यावरून डोकावताच.

तर एकदाच सांगते. प्रेमासाठी वाचत नाही. म्हणजे त्यासाठीही वाचते, खोटं कशाला बोलू. पण खरी चटक आहे ती पैशाच्या बोलण्याची. या कादंबऱ्यांमध्ये पैसा लपत नाही. माणूस दारात उभा राहिला की त्याचं वर्षाचं उत्पन्न आधी आत शिरतं. या सगळ्या गोष्टींची आजी म्हणजे जेन ऑस्टिनची 1813 सालची 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. तिच्यात नायक डार्सी नाचाच्या हॉलमध्ये येतो आणि पाच मिनिटांत गावभर होतं की याला वर्षाला दहा हजार पौंड. तिकडे नायिका एलिझाबेथ, तिच्या म्हणजे बेनेटांच्या घरी पाच मुली. इस्टेटीचं उत्पन्न दोन हजार, पण इस्टेट मुलींना मिळायचीच नाही, ती जाणार दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे. तो नातेवाईक, कॉलिन्स, एलिझाबेथला मागणी घालताना ऐकवतो की आईच्या पश्चात तुझ्या वाट्याला हजार पौंड, चार टक्क्यांनी. म्हणजे वर्षाला चाळीस. मागणी घालताना व्याजाचा दर सांगणारा नवरदेव! इथे सगळे हसतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं नव्हतं.

का, ते सांगायला 1987 मध्ये जावं लागेल. हे मी कुणाला नीटसं सांगितलेलं नाही. ह्यांना माहीत आहे, पण तेही अर्धंच.

मी तेव्हा फोर्टात एका बँकेत क्लार्क, हातात सतराशे रुपये. तो त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर. दोन वर्षं आम्ही संध्याकाळी चर्चगेटपर्यंत चालत जायचो आणि एकाच स्लो गाडीच्या वेगवेगळ्या डब्यांत चढायचो. मी चर्नी रोडला उतरायचे, तो दादरपर्यंत जायचा. तो शिवाजी पार्कचा, मी गिरगावातल्या चाळीची. जात एक, पोटजातही एक, म्हणून दोन्हीकडच्या मंडळींना वाटलं, आता अडचण ती काय.

एका रविवारी त्याची आई आणि मोठे काका घर बघायला आले. शेजारच्या काकूंच्या तीन खुर्च्या आणल्या होत्या. पोहे झाले. आणि त्याची आई मला हळूच म्हणाली, "जरा जाऊन यायचं होतं गं."

आमच्या घरात मोरी होती. संडास गॅलरीच्या टोकाला, मजल्याचे मिळून तीन, त्यातला एक कायम बंद. मी बादली भरली. लाल प्लास्टिकची, कडी तुटलेली, तिला सुतळी गुंडाळलेली. गॅलरीतून त्या पुढे आणि मी मागून बादली घेऊन. रविवार, म्हणून रांग. समोरच्या खोलीतले काका डबा घेऊन उभे होते. सिल्कची साडी बघून ते गडबडले आणि "तुम्ही जा, तुम्ही जा" म्हणत बाजूला झाले. त्याच्या आईने एका हाताने निऱ्या वर धरल्या. दुसरा हात मोकळा होता, पण नाकाला रुमाल लावला नाही. मुद्दाम लावला नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. लावला असता तर बरं झालं असतं. मला त्यांचा राग राग करता आला असता. मी दाराबाहेर उभी, आणि अख्खी गॅलरी आपापल्या दारातून माझ्याकडे बघत होती. परत आल्यावर त्यांनी हात धुतले, पोहे मागून घेतले आणि आईला म्हणाल्या, "खोबरं अगदी ताजं आहे हो."

आठवड्याने त्याचे काका एकटे आले. आमच्याकडे हुंड्याची पद्धत नाही, असं आधी तीनदा म्हणाले. मग म्हणाले की घरात दोन खोल्या, थोरला मुलगा-सून तिथेच, तेव्हा या दोघांनी वेगळं राहावं. डोंबिवलीला वन रूम किचन एक लाख वीस हजारांना मिळतंय. निम्मे आम्ही घालू, निम्मे तुम्ही घाला. "ब्लॉक मुलीच्या नावावर केला तरी आमची हरकत नाही."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "गावची थोडी जमीन आहे," म्हणाले.

मी मध्ये पडले. म्हटलं, लग्न आहे, लिलाव नाही. हे वाक्य बहुतेक कुठल्यातरी नाटकातलं असावं, पण तेव्हा माझंच वाटलं. हुंडा 1961 पासून गुन्हा आहे, हेही सुनावलं. काका चहा अर्धा टाकून गेले. दुसऱ्या दिवशी चर्चगेटला मी त्याला विचारलं, "तुला हे माहीत होतं?" तो म्हणाला, "हो. तुझ्या नावावर करायचं मीच सुचवलं."

मला त्यातलं फक्त "हो" ऐकू आलं. त्यानंतर मी महिनाभर बसने घरी गेले, आणि पुढचं आपोआप संपलं.

आता बघा, माझी पंचाईत कुठे होते. पुढे फोर्टातल्या फुटपाथवर जुनी पुस्तकं घेता घेता या कादंबऱ्यांची सवय लागली आणि त्यातली लग्नाची बोलणी मी बँकवालीच्या डोळ्यांनी वाचायला लागले. त्या काळच्या इंग्लंडात लग्न लागलं की बाईची रोकड, दागिने, सगळं नवऱ्याचं. हे बदललं 1882 च्या कायद्याने. म्हणून ऐपतदार बाप लग्नाआधी वकील बसवून करार करायचे. मुलीची रक्कम विश्वस्तांकडे, तिला वरखर्चाला वर्षाला इतके, विधवा झाली तर इतके. चांगला नायक तो, जो कागद बघून म्हणतो की तिची रक्कम वाढवा आणि मला तिला हात लावता येणार नाही असं लिहा. ते पान मी दोनदा वाचते. चुंबन वगैरे नंतर.

आणि माझ्या बाबतीत नेमकं हेच बोललं गेलं होतं, फक्त डोंबिवलीच्या भाषेत.

असं म्हटलं की सत्तावीस वर्षांची मी लगेच उठून भांडायला येते. म्हणते, नावावर कुणाच्याही असो, जमीन बाबांची विकली जात होती ना? ती बादली विसरलीस? त्या बाईंनी चाळ बघून हिशोब केला, की ही मुलगी आपल्या घरात नको, लांब डोंबिवलीला राहू दे. बरोबर आहे. मग मी तिला विचारते, तू तरी त्याच्यावर भाळलीस ती काय बघून? शिवाजी पार्कच्या ब्लॉकमध्ये आत संडास आहे हे तुला पहिल्या महिन्यात माहीत होतं. यावर ती गप्प बसते. मीही.

तुमच्यातल्या काहींचा दुसरा आक्षेप, की ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांच्या प्रेमकथा कसल्या वाचायच्या. मान्य. या कादंबऱ्यांचा काळ बहुतेक 1811 ते 1820 मधला, आणि आपली पेशवाई बुडाली 1818 मध्ये. दख्खनच्या लुटीतला वाटा कुणाला किती, यावर इंग्रजांमध्ये पुढे कित्येक वर्षं वाद चालले. या पुस्तकांमध्ये ज्याचं नाव हमखास येतं तो खराखुरा ड्यूक, वेलिंग्टन, नावारूपाला आला तो 1803 मध्ये असईला मराठी फौज हरवून. असई आपल्या जालना जिल्ह्यात. नायिकेचा हिंदुस्थानातून श्रीमंत होऊन आलेला काका दिसला की मी पान उलटत नाही, थांबते. हे पैसे कुठले ते मला कळतं. तरी पुढे वाचते. याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि असल्याचा आवही आणणार नाही.

"मग आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाच." वाचल्या. नथ, पैठणी, तलवार, आणि खजिन्याच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला ते कधीच कळत नाही. आमच्या गिरगावातली रखमाबाई घ्या. लहानपणी लागलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं, त्याने 1884 मध्ये दावा लावला, 1887 मध्ये हायकोर्टाने सांगितलं की जा, नाहीतर सहा महिने कैद, तर ती कैदेला तयार झाली. 1888 मध्ये नवऱ्याने दोन हजार रुपये घेतले आणि हक्क सोडला. पुढे ती विलायतेत शिकून डॉक्टर झाली. तिच्या गोष्टीत लोक बाणेदारपणा सांगतात. मला त्या दोन हजारांवर अख्खं प्रकरण हवं. कुणी मोजले, कुठे बसून.

माझं लग्न पुढे झालं, चांगलं झालं. पहिली सहा वर्षं विरारला भाड्याने काढली. परवा मुलाची बोलणी चालू असताना मीच विचारलं, "घर कुणाच्या नावावर घेताय?" सगळे एकदम गप्प झाले. मुलगा आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत एक खाकी पाकीट मिळालं. पाठीवर शाईने मांडणी होती. जमीन 22. फंड 18. हिच्या पाटल्या 11. कमी 9. खाली 'मुलीच्या नावे', आणि त्याखाली दोन रेघा. कधीची ते लिहिलेलं नाही, पण त्याचे काका चहा टाकून गेले त्यानंतरची असावी. म्हणजे मी लिलाव-बिलाव बोलल्यानंतरही ते बसून आकडे लिहीत होते. नऊ हजारांसमोर एक नाव लिहून खोडलंय. कुणाचं ते वाचता येत नाही, उन्हात धरून पाहिलं तरीही.