टोगा आणि सोगा

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहाव्यात असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा मैदान, सहली आणि मधल्या सुट्टीतला दंगा यांवर इतर माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा सरस लिहितील हे गृहीत धरून मी एका वस्त्राविषयी लिहायचे ठरवले. ते वस्त्र म्हणजे प्राचीन रोमचा टोगा. नाटकांचे कपडेपट सांभाळण्यात माझे आयुष्य गेले आणि त्या व्यवसायाची गोडी आपल्याच शाळेत, इतिहासाच्या तासाला लागली, एवढा संबंध या विषयाला येथे जागा मिळण्यास पुरेसा आहे असे मी समजतो.

पाठ्यपुस्तकात रोमन नागरिक टोगा नावाचे वस्त्र वापरीत असत, एवढे एकच वाक्य होते. ते वाचून होताच मागच्या बाकावरून कोणीतरी ‘म्हणजे धोतराचा सोगा!’ असे म्हणाले आणि सारा वर्ग हसला. सर रागावले नाहीत. टोग्याला हसण्याची किंमत एका अख्ख्या शहराने मोजली आहे, असे सांगून त्यांनी पुस्तक मिटले आणि उरलेला तास टॅरेंटमच्या गोष्टीला दिला.

टॅरेंटम हे दक्षिण इटलीतले श्रीमंत ग्रीक नगर होते. इ.स.पू. 282 मध्ये रोमशी त्याचा तंटा झाला आणि रोमने लुसियस पोस्टुमियस याला वकील म्हणून तेथे धाडले. त्याच्या ग्रीक बोलण्यातल्या चुकांना सभा हसली, त्याच्या वेषाला हसली आणि फिलोनिडिस नावाच्या एका मद्यप्याने त्याच्या टोग्यावर चक्क घाण केली. तेव्हा पोस्टुमियसने, आत्ता हसून घ्या, पुढे तुम्हाला पुष्कळ काळ रडायचे आहे आणि हे वस्त्र तुमच्या रक्ताने धुतले जाईल, अशा आशयाचे उत्तर दिल्याचे डायोनिसियस हा ग्रीक इतिहासकार सांगतो. डाग तसाच ठेवून तो रोमला परतला आणि तो त्याने तेथे सर्वांना दाखवला. टॅरेंटमने एपायरसचा राजा पिऱ्हस याला मदतीला बोलावले, पिऱ्हसने जिंकलेल्या लढाया त्यालाच इतक्या महाग पडल्या की तसला विजय ‘पिऱ्हसचा विजय’ म्हणून पुढे म्हणीत जाऊन बसला, आणि इ.स.पू. 272 मध्ये टॅरेंटम रोमच्या हाती गेले. युद्ध केवळ एका डागामुळे झाले असे सरांनी सांगितले नाही. व्यापार, जहाजे आणि जुने करार ही कारणेही त्यांनी फळ्यावर लिहिली. तरीही माझ्या मनात राहिला तो डागच.

त्याच वर्षी स्नेहसंमेलनात रोमच्या सिनेटचा, म्हणजे तेथल्या राज्यसभेचा, एक प्रवेश बसवायचे ठरले आणि आम्ही घरून पांढऱ्या चादरी घेऊन आलो. त्या पांघरून उभे राहिलेल्या मुलांकडे पाहून सर म्हणाले, ‘तुम्ही सगळे अथेन्सचे नागरिक झालात, रोमचा एकही नाही.’ धोतर, साडी, उपरणे ही आपली न शिवलेली वस्त्रे मागावरून उतरतात तशी सरळ चौकटीची असतात आणि ग्रीकांचे पांघरायचे वस्त्रही तसेच होते. टोग्याची एक कड सरळ आणि दुसरी गोलाकार असते. हे आकारातले अंतर एवढे ठळक होते की इ.स.पू. 88 मध्ये आशिया मायनरमध्ये मिथ्रिडेटिस राजाच्या हुकुमाने रोमनांची कत्तल सुरू झाली तेव्हा जीव वाचवू पाहणाऱ्यांनी टोगा टाकून चौकोनी वस्त्र अंगावर घेतल्याची नोंद आहे. शिवणाच्या बाईंनी मांजरपाटाचे पन्हे जोडले, सभागृहाच्या फरशीवर सुतळीच्या एका टोकाला खडू बांधून कमान आखली आणि कात्री चालवली. त्या अर्धवर्तुळाचा विस्तार पाहून मुले गारच झाली.

सुरुवातीचा टोगा बेताचा होता. फ्लॉरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात हात उंचावून बोलणाऱ्या वक्त्याचा जो प्रसिद्ध कांस्य पुतळा आहे, त्याच्या अंगावरचा टोगा आखूड आणि अंगाबरोबर बसणारा आहे. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळापर्यंत त्याचा पसारा वाढत गेला आणि सरळ कड पाच-साडेपाच मीटरांपर्यंत पोचली. तो अंगावर घेण्याची रीत अशी: अंगात आधी सदऱ्यासारखा ट्युनिक असे. टोग्याचे एक टोक डाव्या खांद्यावरून पुढे, पायापर्यंत सोडायचे. उरलेले कापड पाठीवरून उजव्या बगलेखाली आणून छातीवरून आडवे घ्यायचे आणि पुन्हा डाव्या खांद्यावरून मागे टाकायचे. पुढे जो सैल झोळ पडे त्याला सायनस म्हणत आणि आतल्या पदरातून कापड वर ओढून कमरेपाशी जो फुगा काढीत त्याला अंबो. टाचणी नाही, गाठ नाही, पट्टा नाही. सारा डोलारा डाव्या हाताच्या कोपरावर आणि कापडाच्या वजनावर उभा.

पात्रांच्या यादीत माझे नाव नव्हते. विंगेत उभे राहून पाच सिनेटरांना टोगे चढवण्याचे काम माझ्याकडे होते आणि ते करताना पुस्तकात न लिहिलेली एक गोष्ट लक्षात आली: हे वस्त्र एकट्याला नीट अंगावर घेता येत नाही. चढवायला दुसरा माणूस लागतो आणि एकदा चढले की डावा हात गेलाच म्हणून समजावे. त्या हाताने ओझे उचलता येत नाही, नांगर धरता येत नाही, ढाल तर नाहीच. इ.स.पू. 458 मध्ये शेतात काम करणाऱ्या सिन्सिनेटसला राज्याचा सर्वाधिकारी म्हणून बोलावणारा सिनेटचा निरोप आला, तेव्हा तो ऐकण्याआधी त्याने बायकोला, रॅसिलियाला, झोपडीतून टोगा आणायला सांगितला, असे रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो. ही कथा साधेपणाचा धडा म्हणून सांगतात; मला ती कपड्याची कथा वाटते. मातीच्या हातांनी राज्याचा निरोप घ्यायचा नसतो, त्यासाठी कामाला निरुपयोगी असे वस्त्र लागते. शांततेतल्या सार्वजनिक कारभाराचे दुसरे नाव टोगा हेच झाले, म्हणूनच शस्त्रांनी टोग्यापुढे नमावे अशी ओळ सिसेरो हा रोमन वक्ता आणि मुत्सद्दी लिहू शकला.

टोगा नागरिकाचा, हा मूळ नियम. परका तो घालू शकत नसे आणि हद्दपार झालेल्याचा त्यावरचा हक्क जाई. एकेकाळी प्रेटर या वरिष्ठ न्यायाधिकाऱ्याच्या पदावर असलेला व्हॅलेरियस लिसिनियानस हद्दपारीत सिसिलीमध्ये वक्तृत्वाचा शिक्षक झाला आणि व्याख्यानाला ग्रीक वस्त्रात आला, हे रोमन लेखक धाकट्या प्लिनीच्या पत्रात वाचताना त्या माणसाच्या दुर्दैवापेक्षा त्याच्या कपड्याचाच उल्लेख अधिक झोंबतो. क्लॉडियस बादशहाच्या दरबारातला प्रसंग मात्र हसू आणणारा आहे. एका माणसावर तो नागरिक नसून नागरिक म्हणून वावरतो असा आरोप होता आणि त्याने न्यायालयात टोगा घालावा की ग्रीक वस्त्र, यावरच वकिलांची जुंपली. क्लॉडियसने निर्णय दिला की त्याच्याविरुद्ध बोलणे चालू असेल तेव्हा त्याने ग्रीक वस्त्र घालावे आणि त्याच्या बाजूने बोलले जाईल तेव्हा टोगा. बादशहांचा चरित्रकार सुएटोनियस याने हे नोंदवले आहे.

काठावरून आणि रंगावरून आणखी भेद होत. जांभळ्या काठाचा टोगा मोठे अधिकारी घालीत आणि तोच नागरिकांची लहान मुलेही घालीत. म्हणजे रोममधला शाळकरी मुलगा आणि कॉन्सल हा सर्वोच्च अधिकारी यांचा काठ एक होता, ही गोष्ट कोणत्याही शाळेच्या स्मरणिकेत नोंदवण्याजोगी आहे. साधारण चौदा ते सतरा या वयात मुलगा तो काठाचा टोगा आणि गळ्यातला ताईत उतरवून ठेवी आणि साधा पांढरा, पुरुषाचा टोगा घेई. त्यासाठी 17 मार्चचा लिबेरालिया हा सण पुष्कळदा निवडत. इ.स.पू. 49 मध्ये यादवीमुळे रोमला जाणे शक्य नव्हते म्हणून सिसेरोने आपल्या मुलाचा हा विधी अर्पिनम या आपल्या मूळ गावी केला आणि गावकऱ्यांना त्याचा आनंद झाला, असे त्याने मित्राला कळवले. शोकाचा टोगा काळसर असे. विजयी सेनापतीचा जांभळा, सोन्याच्या कशिद्याचा. पदासाठी उभा राहणारा इसम आपला टोगा खडूने घासून लखलखीत पांढरा करी. त्या ‘कँडिडा’ टोग्यावरून ‘कँडिडेट’ हा शब्द निघाला, जो आज आपल्याकडे परीक्षेच्या हॉल तिकिटापर्यंत पोचला आहे.

सरांनी एक गोष्ट आम्हाला सांगितली नव्हती आणि त्या वयात सांगणे त्यांना प्रशस्तही वाटले नसावे. अगदी आरंभीच्या काळात स्त्रियाही टोगा घालीत, असे जुने रोमन लेखक सांगतात. पुढे प्रतिष्ठित विवाहितेचे वस्त्र स्टोला हा पायघोळ झगा ठरले आणि प्रौढ स्त्रीच्या संदर्भात टोगा हा शब्द बदनामीचा झाला. पुरुषाला मान देणारे तेच कापड स्त्रीवर डाग ठरावे, याचे समर्थन करण्याचा प्रयत्न मी करणार नाही.

वक्तृत्व स्पर्धेची आपल्या शाळेची परंपरा लक्षात घेता क्विंटिलियनचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. स्पेनमध्ये जन्मलेला आणि पहिल्या शतकात रोममध्ये शिकवणारा हा गुरुजी वक्तृत्वावरच्या आपल्या ग्रंथात टोग्याची कड पुढून कोठवर यावी, मागून किती वर असावी, झोळ कसा पडावा हे बारकाईने सांगतो. मला त्याची आवडलेली सूचना वेगळीच आहे. भाषणाच्या आरंभी चुण्या जागच्या जागी असाव्यात, परंतु भाषण रंगत जाऊन शेवटाला आले की घाम, थकवा आणि विस्कटलेला टोगाही वक्त्याला शोभतो, असे तो म्हणतो. रंगभूमीवर इतकी वर्षे काढल्यावर मला हे शंभर टक्के पटते.

आता हे वस्त्र रोमनांना आवडत होते काय? पुराव्यांकडे पाहता, फारसे नाही. टोगा लोकरीचा, धाबळीसारखा जड, उन्हाळ्यात नकोसा आणि धुवायला भलता खर्चिक. त्याचे परीट तो साठवलेल्या मूत्रात तुडवीत, मुलतानीसारखी माती लावीत आणि गंधकाची धुरी देत. पाँपेईत स्टेफॅनसच्या नावाने ओळखला जाणारा असा कारखाना उत्खननात सापडला आहे. धनिकांच्या दारी सकाळी हजेरी लावणाऱ्या आश्रितांना टोगा घालावाच लागे आणि त्या झिजलेल्या टोग्याचे रडगाणे मार्शल कवीने वारंवार गायले आहे. इटलीच्या मोठ्या भागात मेल्याशिवाय कोणी टोगा घालीत नाही, असा टोला जुव्हेनल या उपहासकवीने मारला. इ.स. 200 च्या आसपास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन विचारतो की टोगा चढवल्यावर कपडा घातल्यासारखे वाटते की ओझे लादल्यासारखे? आदल्या संध्याकाळी गुलामाने चुण्या घालून त्या चिमट्यांत आवळून ठेवाव्या लागत, हेही तोच सांगतो.

म्हणून सक्ती आली. ऑगस्टसने एका सभेत काळपट झग्यांतली गर्दी पाहिली, जगाचे स्वामी आणि टोगाधारी राष्ट्र असा रोमनांचा गौरव करणारी व्हर्जिल कवीची ओळ संतापाने म्हटली आणि यापुढे फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, टोग्याशिवाय कोणाला उभे राहू देऊ नये असे अधिकाऱ्यांना बजावले. वर्गात गणवेशाची तपासणी होते ती नियम पाळले जात असतात म्हणून नव्हे, हे आम्हा मुलांना तेव्हाही कळत होते. इकडे रोममध्ये टोगा अंगावरून उतरत होता आणि तिकडे ब्रिटनमध्ये जिंकले गेलेले लोक तो हौसेने चढवीत होते. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने त्या हौसेला गुलामगिरीचाच भाग म्हटले आहे. इ.स. 212 मध्ये कॅराकल्ला बादशहाने साम्राज्यातल्या जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिल्यावर तर टोगा ज्यासाठी होता ते वेगळेपणच उरले नाही, असे मला वाटते. 

पदवीदान समारंभातल्या काळ्या झग्याला कोणी कोणी टोगा म्हणते. तो झगा मध्ययुगीन युरोपातल्या धर्मगुरूंच्या पोशाखातून आला आहे, शिवलेला आहे, त्याला बाह्या आहेत आणि त्यात दोन्ही हात मोकळे राहतात. झाकणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून टोगा हा शब्द आला. त्या अर्थाने कशालाही टोगा म्हणता येईल, पण कपडेपटात असा सैलपणा चालत नाही.

पुढे कधी आपल्या शाळेत रोमन प्रवेश बसवला गेला तर काही सूचना करून ठेवतो. चादरी वापरू नयेत. मांजरपाटाला वजन नसल्यामुळे झोळ पडत नाही. पातळ लोकर मिळाल्यास उत्तम, नाहीतर जाड, मऊ पडणारे सुती कापड घ्यावे. मुलाच्या उंचीच्या अडीचपट लांबी पुरते. शुभ्र पांढरा रंग निवडणुकीतल्या उमेदवारापुरता राखून बाकीच्यांना लोकरीचा नैसर्गिक, किंचित पिवळसर रंग द्यावा. चढवण्यासाठी प्रत्येक पात्रामागे एक मुलगा विंगेत ठेवावा. आणि डाव्या खांद्यावर आतून एक भक्कम टाका घालावा; रोमन लोक असला टाका घालीत नसत, पण त्यांना पुढच्याच प्रवेशात धावत विंगेत जाऊन सैनिकाचा वेष चढवायचा नसे.