क्लच सुटत नाही

रविवार, रात्री साडेअकरा

हात तीनदा धुतले, आधी डिझेलने मग साबणाने, तरी नखातलं काळं जात नाही. झोप पण येत नाहीये म्हणून लिहितोय.

आज तिसरा रविवार. जिप्सी पत्र्याच्या शेडमध्ये स्टँडवर, आणि गिअरबॉक्स परत खाली, पोत्यावर पडलाय.

मागच्या रविवारी संध्याकाळी सगळं बसवून झालं तेव्हा मला वाटलं संपलं एकदाचं. १९९३ची गाडी, ९७० सीसी, चारच गिअर, पुण्याला जाताना साठ-सत्तरला इंजिन नुसतं ओरडतं, पाचवा हवा म्हणून दोन वर्षं डोक्यात होतं, शेवटी जिप्सी किंगचा पाच गिअरचा बॉक्स मिळाला, उद्यमनगरात फ्लायव्हील, म्हणजे इंजिनमागचं जड चाक ज्याला क्लचप्लेट टेकते, ते लेथवर साफ करून घेतलं, त्या बॉक्सच्या शाफ्टला बसेल अशी नवीन क्लचप्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट नवीन, पेडल दाबलं की ती पकड सोडवणारं रिलीज बेअरिंग नवीन. चावी मारली, इंजिन लागलं. क्लच दाबून रिव्हर्स टाकायला गेलो आणि कर्रर्र. पहिला तर जाईचना. इंजिन बंद केलं की पाचही गिअर अलगद पडतात, चालू केलं की एक नाही. गिअरमध्ये ठेवून, क्लच पार खाली दाबून स्टार्टर मारला तर गाडीनं भिंतीकडे उडी घेतली. म्हणजे क्लच सुटतच नाहीये. पाय खाली, पण इंजिन बॉक्सला सोडायला तयार नाही.

आठवडाभर रोज रात्री जेवण झालं की खाली. आधी केबल. पेडलला दोन-अडीच सेंटिमीटर मोकळी चाल ठेवली होती, ती कमी करत करत पार संपवली, बेअरिंग सतत घासल्यासारखं वाजायला लागलं म्हणून परत ढिली केली. मग केबलच नवीन टाकली. मग वाटलं बाहेरचा लिव्हर शाफ्टवर एक दात इकडे-तिकडे बसला असेल, पण खुणेला खूण बरोबर होती. पिंट्याला फोन केला, तो म्हणाला प्लेट उलटी बसली असेल तुझी. मी फोन ठेवला. प्लेट उलटी नव्हती, मला माहीत होतं, फ्लायव्हीलकडची बाजू बघूनच लावली होती. पण तो यायला हवा होता. येतो येतो म्हणून तीन आठवडे झाले. जाऊ दे.

खरं सांगायचं तर या आठवड्यात मला सारखं वाटत होतं की मी एकटाच आहे. एकटाच खाली, पाठीला फरशी गार, डोळ्यात माती, आणि वर सगळे आपापल्या कामात. वैनी एकदा म्हणाली विकून टाका ती. तेव्हा घशाशी आलं होतं माझ्या.

मग आज बॉक्स उतरवला. पायलट बेअरिंग, बॉक्सच्या शाफ्टचं टोक इंजिनच्या बाजूला ज्यात बसतं ते, बोटानं फिरवलं, मोकळं. प्लेट सरळ बाजूनेच. मग ती प्लेट बॉक्सच्याच शाफ्टवर चढवली, शेजारी एक सुई धरली आणि हळू फिरवली. एका बाजूला सुईला लागते, दुसऱ्या बाजूला चांगली फट. आउट आहे. नवीकोरी प्लेट, मधल्या हबपाशी वाकलेली. सायकलची रिंग आउट झाली की कशी डुगडुगते, तशीच. प्रेशर प्लेट मागे सरते ती जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर, तेवढ्या फटीत प्लेट मोकळी व्हायला हवी, आणि ही तर वाकडी असल्यानं कुठे ना कुठे फ्लायव्हीलला टेकूनच राहणार. केबल कितीही ओढा.

आणि ती कशी वाकली ते मला बघताक्षणी कळलं.

त्या रविवारी शाफ्ट प्लेटमध्ये गेला होता, पण बॉक्स पूर्ण बसत नव्हता, चार बोटं बाहेर होता. माझे हात थरथरत होते. मी बॉक्स तसाच सोडला आणि सरकलेला जॅक आणायला खालून बाहेर आलो. सगळं वजन त्या शाफ्टवर, म्हणजे प्लेटवर. पाच मिनिटं असेल, दहा असेल. त्यावर कहर म्हणजे परत खाली जाऊन बॉक्स बोल्ट लावून ओढून घेतला, जे करायचं नसतं हे मला माहीत आहे, कुणाला पण माहीत आहे.

आणि त्याच्या जरा आधी अण्णा दारात येऊन उभे होते. म्हणाले, "धरू काय रं जरा?" मी म्हणालो, "नको, करतो मी."

एवढंच. पण दुपारपासून हे "नको" डोक्यातून जात नाहीये. मी मनाला सांगतोय की त्या ऑपरेशननंतर त्यांना काही उचलू द्यायचं नाही असं ठरलंय ना, म्हणून नको म्हणालो. पण तसं नव्हतं. तसं असतं तर मी म्हणालो असतो की तुम्ही बसा, नुसतं सांगा. मी तसं म्हणालो नाही. मला त्यांनी यायलाच नको होतं. मला ते माझं एकट्याचं हवं होतं. ही गाडी त्यांनी वीस वर्षं चालवली, गगनबावड्याचा घाट रात्री पावसात उतरलेत ते हिच्यातून, आणि मला तिचा बॉक्स त्यांच्याशिवाय बदलायचा होता. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

ते काही बोलले नव्हते. टॉर्च माझ्या पायाशी आडवी पडली होती ती उचलून त्यांनी टायरवर अशी टेकवली की उजेड बरोबर बोल्टवर पडेल, आणि आत गेले. मी त्याच उजेडात बोल्ट आवळले.

संध्याकाळी प्लेट घेऊन त्यांच्याकडे गेलो. बातम्या लागल्या होत्या. त्यांनी आवाज बंद केला, प्लेट हातात घेतली, चष्मा वर करून कडेकडेनं बघितली, म्हणाले, "बॉक्स लोंबकळला हुता." विचारलं नाही, सांगितलंच. मी हो म्हणालो. मला वाटलं आता बाकीचं पण बोलून टाकावं, पण काय बोलणार, आणि ते तर तेवढ्यात पुढे गेले होते. म्हणाले उद्या प्लेट आणशील तेव्हा त्याच मापाचे दोन लांब बोल्ट आण, डोकी कापून टाक, वरच्या दोन भोकांत लाव, बॉक्स त्याच्यावर चढवायचा, म्हणजे वजन बोल्टवर राहतं, प्लेटवर येत नाही, सरळ सरकत आत जातो. आम्ही असंच चढवायचो.

दोन वर्षं मी या बॉक्सचा विचार करत होतो आणि हे एकदा पण विचारलं नव्हतं.

आता वाईट कमी वाटतंय. प्लेटचे पैसे गेले, ते जाऊ देत. बॉक्स परत चढवायचाच आहे, फ्लायव्हील चांगलं आहे, पायलट चांगलं आहे, नवी केबल पण लागलीच आहे. पुढच्या रविवारपर्यंत थांबायचं नाही असं अण्णांनीच ठरवलं, सकाळी सहाला उठव म्हणाले, ऊन चढायच्या आत बोल्ट कापून ठेवू. मी म्हणालो दुकान दहाला उघडतं. तर म्हणाले लांब बोल्ट आपल्याच डब्यात सापडतील, बघू. तो डबा माळ्यावर आहे.