सर्व्हे नंबर, गट नंबर आणि आमचे चार दिवस

आमचे पूर्वज शिंदे सरकारच्या चाकरीत सातारा जिल्ह्यातून ग्वाल्हेरला आले आणि आम्ही कायमचे लष्करवाले, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले, झालो. बाबा आता 84 वर्षांचे आहेत. मूळ गाव त्यांनी कधी पाहिलं नाही. "तुम्ही दोघं जाऊन या, आपलं काय होतं तिथे ते बघा," एवढंच म्हणाले. गावाचं नाव नाशिकला पंचवटीतल्या उपाध्यायांच्या नामावळीत, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वहीत, मिळालं, पाच पिढ्यांसकट. गोवा एक्स्प्रेसने मी आणि धाकटा भाऊ पुण्याला उतरलो, तिथून पुढे एसटी. इथवर काहीच अडलं नाही.

अडलं ते तालुक्याच्या कचेरीत, जमिनीचा जुना सात-बारा मागताना, आणि अजून आठवलं की चिडचिड होते.

आमच्याकडे आजोबांच्या पेटीतली 1938 सालची शेतसाऱ्याची पावती होती. कडा झिजलेल्या, पण सर्व्हे नंबर स्पष्ट. अभिलेख कक्षातल्या बाईंनी ती हातातही घेतली नाही. "सर्व्हे नंबर आता चालत नाहीत. गट नंबर आणा." कुठून आणायचा? "तलाठ्याला विचारा." तलाठी भाऊसाहेबांकडे दोन गावं, ते दुसऱ्या गावी. दुसऱ्या दिवशी भेटले, म्हणाले, महाभूलेख या सात-बाराच्या सरकारी संकेतस्थळावर नावाने शोधा. पण जमीन आमच्या नावावर उरलीच नाही, तर नाव सापडणार कसं? पुन्हा कचेरीत. तोवर शुक्रवारची संध्याकाळ झाली. महाराष्ट्रात 2020 पासून सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे शनिवार-रविवार गेलेच. तुम्ही जाल तर सोमवारी सकाळी पोहोचा, आमच्यासारखं गुरुवारी नको.

सोमवारी कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे एक म्हातारे काका भेटले. पावती बघून म्हणाले, "ताई, गटाचा उतारा हितं न्हाई, मोजणी हाफिसात मिळंल. आन् जुन्या कागदाला गट लागतोच कशाला?"

मुद्दा एवढाच होता. 1947च्या कायद्याने गावोगाव जमिनींचं एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्याआधीचे सात-बारा सर्व्हे नंबरनेच लावलेले असतात. म्हणजे आम्हाला हवा तो कागद त्याच कक्षात, आमच्याच पावतीवरच्या नंबराखाली होता! चार दिवस आम्हाला नसत्या गोष्टीमागे पळवलं. काकांनी अर्जात "एकत्रीकरणापूर्वीचा सात-बारा, सर्व्हे नंबर अमुक" असे शब्द घातले, कोर्ट फीचं तिकीट लावलं, आणि त्याच बाईंनी तो मुकाट्याने घेतला. आजची जागा डोळ्यांनी बघायची असेल तेव्हाच गट नंबर लागतो. त्यासाठी भूमी अभिलेखच्या कार्यालयात, म्हणजे काकांच्या "मोजणी हाफिसात", 9(3), 9(4)चा उतारा मागायचा, त्यात जुना आणि नवा नंबर समोरासमोर असतो. हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं कुणालाही.

आणखी एक. गावात पाय ठेवल्याबरोबर चावडीवर सांगून टाका की जमिनीवर हक्क सांगायला आलेलो नाही. आम्ही आधी कागद दाखवला, तर माणसं गप्प झाली. भावाने वडिलांचं वय सांगितलं, फोनवर त्यांच्याशी बोलणं करून दिलं, मग चहा आला आणि आमचा पडका चौथराही दाखवला. निघण्याआधी "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या तालुक्याचे जुने कागद चढलेत का तेही बघून घ्या. आम्हाला हे परत आल्यावर कळलं.

जुन्या सात-बारावर नावाशेजारी गोलात फेरफाराचे, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीचे, क्रमांक असतात. त्यातला एक धरून मागे गेलो तर 1921चा फेरफार निघाला, सगळा मोडी लिपीत. शाई तपकिरी झालेली, एक ओळ घडीवरच फाटलेली. पुण्यातल्या मोडी जाणणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांना फोटो पाठवला. अर्ध्या तासात त्यांनी वाचून दाखवलं: पणजोबा मयत, वारस मुलगा, वस्ती ग्वाल्हेर. मी कचेरीच्या पायरीवरच बसले आणि बाबांना फोन लावला. त्यांनी तीनदा वाचायला लावलं.

आम्ही कार्तिकात गेलो, तेव्हा भाऊबंदांच्या घरांना कुलपं होती. पुण्या-मुंबईची मंडळी चैत्रात, ग्रामदैवताच्या यात्रेला येतात. पुढच्या चैत्राची तीन तिकिटं काढायची आहेत, बाबांचं खालचं बर्थ.