मजुरी धरलीस का?

11 जानेवारी

उद्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेचा तैलाभिषेक. होम मैदानावरचे पाळणे तर कधीचेच उभे राहिलेत, आणि फोनवर एकच मागणी सुरू आहे: नंदीध्वजाचं चित्र पाहिजे, म्हणजे यात्रेत मिरवणुकीने निघणाऱ्या उंच, सजवलेल्या काठ्या. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, मागे सिद्धेश्वराचं देऊळ आणि तळं, जमलं तर वर शोभेच्या दारूची आतषबाजी. "तेराला अक्षता आहेत ताई, त्याच्या आत मिळेल ना?" वर्षभर या माणसांना नंदीध्वज आठवत नाहीत. म्हणून मी दिवाळी संपली की नंदीध्वज काढायला बसते. सीझनचा माल सीझनच्या आधी तयार लागतो, हे यंत्रमागाच्या घरात वेगळं शिकवावं लागत नाही.

दुपारी एका गिऱ्हाइकाला किंमत सांगितली. "काय सांगालाव ताई, एवढे? फोटो मारून फ्रेम केली तर सातशेत होते!" खरंच होते. मी काही बोलले नाही. किंमत सांगितल्यावर गप्प राहणं हे या धंद्यातलं सगळ्यात जड काम आहे, मोठा कॅनव्हास जिन्यावरून उतरवण्यापेक्षाही. आकडा तोंडातून गेला की पुढच्या शांततेत काहीतरी भरावंसं वाटतं: तुम्हाला म्हणून कमी करते, फ्रेम माझ्याकडून, लहान साईजमध्ये बघूया का. नान्ना, म्हणजे माझे वडील, म्हणतात, त्यांनी पाहिलेला चांगला व्यापारी आकडा बोलून झाला की पान लावायला घ्यायचा. समोरच्याला जे म्हणायचं ते म्हणू दे.

त्याने 'घरी विचारून सांगतो' म्हटलं. सांगणार नाही. चालायचंच.

13 जानेवारी

सम्मती कट्ट्याकडे, जिथे सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता पडतात, सकाळपासून गर्दी. मी अक्षता टाकून लवकर परत आले, कारण दोन फ्रेमा संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या.

आज वहीत मागच्या महिन्याचा हिशेब लिहिताना नान्नांशी जे बोलणं दरवेळी होतं तेच पुन्हा झालं. हे बोलणं पहिल्यांदा झालं ते माझी पहिली मोठी ऑर्डर गेली तेव्हा. चित्र पाच हजारांना गेलं होतं. कॅनव्हास आणि रंगांचे चौदाशे, फ्रेमवाल्याचे अठराशे, उरले अठराशे. नान्नांनी आयुष्यभर यंत्रमाग चालवला, त्यांनी एकच विचारलं: "किती पाळ्या लागल्या?" साधारण सहा, मी म्हटलं. पाळी म्हणजे गिरणीतली, पूर्ण. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. "तीनशे पडले. धोटं भरणारं पोरगंही एवढ्यात येत नाही. यात तुझी मजुरी कुठे धरलीस? आणि मजुरी धरली तर मालकाचा नफा कुठे आहे?"

आमच्या घरात सगळं नगावर आणि हजारावर चालतं. नान्नांचा हिशेब नगाचा, अम्माचा हजार विडीचा. कारखान्यातून पान, तंबाखू, दोरा घरी येतो. पान खराब निघालं आणि विड्या कमी भरल्या तर उरलेलं पान पदरचं आणायचं. वर जमा करताना त्यातल्या काही 'छाट' म्हणून बाजूला काढल्या जातात, त्यांचे पैसे नाहीत. अम्माला माझा धंदा नान्नांपेक्षा लवकर कळला तो यामुळेच. कच्चं स्केच तीन वेळा बदलून मागणारं गिऱ्हाईक तिला नवीन नाही. "म्हणजे छाट," ती म्हणते. तिच्या सांगण्यावरून मी दुसऱ्या बदलापासून पैसे लावते. त्या दिवसापासून बदल मागणारे अचानक समजूतदार झाले.

चित्रकलेच्या कॉलेजात आम्हाला यथार्थदर्शन शिकवलं, रंगचक्र शिकवलं, स्थिरचित्रातल्या वांग्यावरचा उजेड कसा पकडायचा ते वर्षभर शिकवलं. दर कसा काढायचा यावर एक तासही झाला नाही. बाहेर पडल्यावर सगळेच एकमेकांचे दर बघून आपला दर लावतात, आणि ज्याचं बघून लावतात त्यानेही दुसऱ्याचं बघूनच लावलेला असतो.

माझा दर आता असा निघतो: सामान, पाळ्यांची मजुरी, वर घरभाडं-लाईटबिल-फोनसाठी थोडं, आणि शेवटी नफा. नफा वेगळा लिहायचा, मजुरीत मिसळायचा नाही. फ्रेमचे पैसे कधीच माझे नसतात, ते फक्त माझ्या हातातून जातात.

15 जानेवारी

रात्री दारूकाम बघायला सगळं सोलापूर होम मैदानाकडे. मी ओळखीच्या एका खेळणीवाल्याच्या स्टॉलला टेबल लावून बसले होते, त्याच्या भाड्यात वाटा देऊन.

मैदानावर धूळ इतकी की जलरंग उघडा ठेवायची सोय नाही. सगळं प्लास्टिकच्या कव्हरात. समोर नंदीध्वजाचं मोठं चित्र उभं केलं होतं. त्यासमोर माणसं थांबतात, बायको-पोरांना दाखवतात, फोटो काढतात, 'हाताने काढलंय का?' विचारतात आणि पन्नास रुपयांचं पोस्टकार्ड घेऊन जातात. मोठं चित्र विकायला नेलेलंच नसतं. ते पाय थांबवायला असतं, टेबलाचं भाडं पोस्टकार्डं काढतात. देवळाचं तळ्यातलं प्रतिबिंब असलेलं कार्ड सगळ्यात जास्त खपलं. भुईकोट किल्ला थोडा. जुन्या गिरणीचं एकही नाही.

एक लांबचे काका भेटले. "हुसेन पंढरपूरचाच की! बघ कुठल्या कुठे गेला." हे वाक्य मला प्रत्येक लग्नात ऐकायला मिळतं. आपल्या जिल्ह्यात 1915 साली जन्मलेला माणूस जगभर गेला हे खरं, पण मधला भाग कुणी सांगत नाही. मुंबईत तो सिनेमाची पोस्टरं रंगवत होता, पोट भरायला लहान मुलांची खेळणीसुद्धा बनवत होता. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग तूही पोस्टरं रंगव." आता पोस्टरं फ्लेक्सवर छापून येतात, काका.

18 जानेवारी

मेडिकलमध्ये गेले होते अम्माच्या गोळ्या आणायला. काउंटरच्या मागे नव्या वर्षाचं कॅलेंडर, आणि त्यावर माझा भुईकोट किल्ला.

चित्र माझंच. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने ऑफिसच्या भिंतीसाठी मागवलं होतं. पैसे वेळेवर दिले, चहा पाजला, त्याबद्दल तक्रार नाही. आता त्याचंच कॅलेंडर छापून त्यांनी सभासदांना वाटलंय. खाली संस्थेचं नाव, पत्ता, अध्यक्षांचा फोटो. चित्रकाराचं नाव कुठेच नाही.

संध्याकाळी वकील मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली ते ऐकून मी बराच वेळ गप्प होते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 17 आहे. साधारणपणे ज्याने चित्र काढलं तोच कॉपीराइटचा पहिला मालक. पण पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र किंवा पोर्ट्रेट काढलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक सांगणारा. म्हणजे भिंत त्यांची, चित्र त्यांचं आणि कॅलेंडरही त्यांचंच. मी मात्र कुणाच्याही ऑर्डरशिवाय, आपल्या मनाने आधी काढून ठेवलेलं चित्र विकलं, तर कॅनव्हास जातो, हक्क माझ्याकडे राहतो. तोही मी असेपर्यंत आणि माझ्यानंतर 60 वर्षं.

दिवाळीनंतर काढून ठेवलेल्या नंदीध्वजांचं हे दुसरं कारण मला आज कळलं.

अजून एक गोष्ट तिने सांगितली. हक्क दुसऱ्याकडे गेला तरी 'हे मी काढलंय' असं सांगायचा अधिकार चित्रकाराकडे राहतो, ते कलम 57. म्हणून मी संस्थेत फोन करून एवढंच म्हटलं की खाली नाव टाकायला हवं होतं. तिकडचे क्लार्क फार गोड बोलले: "पुढच्या वर्षी टाकू की, मॅडम!"

पुनर्विक्रीतला वाटाही कायद्यात आहे म्हणे. मूळ चित्र दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर जास्तीत जास्त 10 टक्के चित्रकाराला मिळू शकतात. सोलापुरात माझं चित्र कुणी दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं, असं कळलं तर मी वाटा मागणार नाही, पेढे वाटेन.

जेवताना हे सगळं सांगितलं. नान्नांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्या कारखान्यात चादरीची डिझाईन करणारे एक मास्तर होते. ग्राफच्या कागदावर चौकोन चौकोन रंगवून मोर काढायचे, त्यावरून जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे, पत्ते पंच व्हायचे. मास्तरांना ग्राफचे पैसे एकदा मिळायचे. चादरी मात्र वर्षानुवर्षं निघत राहायच्या, लग्नात आहेर म्हणून फिरायच्या. मास्तरांच्या मुलीच्या लग्नातही त्याच मोराच्या चादरी आल्या होत्या. "त्यांना वाईट नाही वाटलं?" मी विचारलं. नान्ना म्हणाले, "ते प्रत्येक चादर उलगडून बघत होते, पत्ता कुठे चुकलाय का."

22 जानेवारी

नागपूरचं पार्सल बांधलं. दिवस त्यातच गेला, आणि हा दिवस कुठल्याच गिऱ्हाइकाला दिसत नाही.

जानेवारीत बांधणं त्यातल्या त्यात बरं. मे महिन्यात पारा 43-44 ला जातो तेव्हा आमच्याकडे ॲक्रिलिक हा भरवशाचा रंग राहत नाही. शेवटी ते प्लास्टिकच, उष्णतेने मऊ पडतं. माझ्या वर्गमित्राने एकदा चित्राला थेट बबल रॅप गुंडाळून ते पाठवलं होतं. पार्सल गोदामात आणि ट्रकमध्ये तापत राहिलं. चित्र उघडलं तेव्हा आकाशभर गोल गोल ठसे, आणि गिऱ्हाइकाने आधी विचारलं, ही तुमची शैली आहे का? आता मी आधी बटर पेपर, मग पुठ्ठा, मग बबल रॅप असं करते. काच कधीच पाठवत नाही, पारदर्शक ॲक्रिलिक शीट लावते. मोठा कॅनव्हास चौकटीवरून काढून, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळते आणि पाईपमध्ये घालते. रंग आत ठेवून गुंडाळला तर तो आवळला जाऊन चुरगळतो.

कुरिअरवाला नुसतं वजन करत नाही, लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये मोजतो, गुणतो, पाच हजाराने भागतो आणि दोन्हींतलं जास्त येईल ते वजन धरतो. हवेचे पैसे. हे पैसेही आता दरात आहेत, वेगळ्या ओळीत.

26 जानेवारी

सकाळी झेंडावंदनाहून परत येताना एक गृहस्थ घरी आले. त्यांना 'चिमणी' पाहिजे होती. सोलापुरात नुसतं चिमणी म्हटलं की सिद्धेश्वर साखर कारखान्याची. विमानांच्या वाटेत येते म्हणून 2023 च्या जूनमध्ये पाडली. ती उभी होती तेव्हा मी तिची दोन-तीन चित्रं काढली होती, घरात सगळे हसले होते. पडल्यावर लोक शोधत यायला लागले. काही विमानतळाच्या बाजूचे, काही कारखान्याच्या बाजूचे, दोघांनाही चित्र तेच लागतं.

या गृहस्थांना मूळ चित्र परवडणारं नव्हतं. त्यांनी प्रिंट घेतली, घासाघीस न करता. जाताना बंद गिरण्यांची चित्रं बघत उभे राहिले, त्यातल्या एका गिरणीत त्यांचे वडील होते. "ही कोण घेतं?" त्यांनी विचारलं. कुणी नाही, मी खरं ते सांगितलं. ही चित्रं दरात बसत नाहीत. त्यांच्या पाळ्या मी वहीत लिहिते, पण समोर रकमेचा रकाना रिकामा ठेवते. नान्ना ते बघतात, काही बोलत नाहीत. स्वामी समर्थ, नंदीध्वज आणि नवरा-नवरीची पोर्ट्रेट यांच्या नफ्यातून गिरण्यांचा कॅनव्हास येतो. नफा मजुरीत मिसळला की पहिल्यांदा गिरण्याच बंद पडतात. खऱ्याही काहीशा अशाच पडल्या असाव्यात, पण ते मोठ्या लोकांचं काम.

29 जानेवारी

त्याच संस्थेचा फोन. पुढच्या कॅलेंडरसाठी आतापासून चित्र पाहिजे: यात्रा, सातही नंदीध्वज, सगळं.

मी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं. चित्राची किंमत एवढी. कॅलेंडरवर छापायचे वेगळे. हक्क माझा, तुम्हाला एका वर्षाची परवानगी. खाली माझं नाव. निम्मे पैसे आधी. हे सगळं टाइप करताना एखाद्या सावकारासारखं वाटत होतं, तरी पाठवलं.

क्लार्कचं उत्तर आलं: नाव टाकू, त्याला हरकत नाही. छापायचे वेगळे पैसे म्हणजे काय ते साहेबांना विचारून सांगतो.

अम्माचं म्हणणं, हातातलं काम जाऊ देऊ नये, चित्र सुरू कर, बाकीचं होईल मागाहून. नान्नांचं म्हणणं, सूत हातात आल्याशिवाय माग लावत नाहीत. दोघांचं यावरून आज चांगलंच वाजलं, निम्मं तेलुगूत, निम्मं मराठीत. मी मध्ये पडले नाही. कॅनव्हास मात्र अजून ताणलेला नाही.